चौथा डाउन ट्रिनाचा

मंगळवार, ३ सप्टेंबर

दिला शब्द. या मोसमात चौथ्या डाउनचा निर्णय ट्रिनाचा!

एकतीस वर्षं शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोच आहे. तीन डाउनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे सरकलो नाही, की चौथ्याला चेंडू लांब लाथाडून समोरच्यांच्या हवाली करायचा. हे मला माझ्या कोचने शिकवलं, त्याला त्याच्या. उरलेल्या यार्डांसाठी भिडायचं नाही. भिडलो आणि अडलो, तर चेंडू तिथल्या तिथे त्यांचा. ट्रिना म्हणते, "डॅड, ताटात खिम्याचे चार बिरॉक वाढलेत आणि तू तीन खाऊन चौथा शेजाऱ्याच्या कुत्र्याला घालतोस."

पोरगी इथेच शाळेत गणित शिकवते. तीन वर्षं माझी मदतनीस कोच आहे. अख्खा उन्हाळा बसून तिने दहा वर्षांच्या सामन्यांचा तक्ता केला — कुठल्या यार्डावर, किती बाकी असताना लाथाडायचं आणि कधी भिडायचं. एकच पान. प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवणार आहे म्हणे.

मी एकदाच भिडलोय, १९९६ साली. एक यार्ड हवा होता, अर्धा मिळाला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी आमच्या पत्रपेटीवर "चौथा आणि एक" असं लाल रंगात लिहून ठेवलं. लोरेटा अजून पुसू देत नाही. "राहू दे की, पाहुण्यांना घर सापडतं." बायको म्हणायची ही!

शुक्रवार, ६ सप्टेंबर

जिंकलो! चार वेळा भिडलो, तीनदा जमलं. पहिल्या वेळी मागून गाव ओरडलं, "व्हर्लिन, अरे लाथाड!" तिसऱ्या वेळी कुणी हूं की चूं केलं नाही.

शनिवार, ७ सप्टेंबर

को-ऑपमध्ये, गावच्या सहकारी दुकानात, सकाळी सातची कॉफी. बसून प्यायलो. हरलेल्या कोचने किटली घेऊन सगळ्यांना ओतायची आणि प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं, जिंकलेल्याने बसून प्यायची — हा नियम माझ्याही आधीपासूनचा. मी आजवर इतकी ओतली आहे की मनगट आपोआप वळतं.

आल्विन गोएट्झ समोर होता. शाळा बोर्डाचा अध्यक्ष, आणि पहिलीपासून माझ्या बाकावरचा. म्हणाला, "कानामागून आली आणि तिखट झाली रे तुझी पोर!"

म्हटलं, "हा माझा शेवटचा मोसम आहे. पुढच्या वर्षी टीम तिला द्या."

त्याने कपात फुंकर मारली. "हुशार आहे, नाही कोण म्हणतंय? पण बाका प्रसंग वेगळा. आत्ता चुकलं तर पुढे व्हायला बाप आहे. उद्या कोण?"

"अरे, तू तिला ओळखत नाहीस."

"मग ओळख होऊ दे की. एकदा हरू दे."

आल्विन मनाने वाईट नाही. पण त्याला वाटतं, पोरीने आकडे मांडावेत आणि पोरं पुरुषाने सांभाळावीत.

सोमवार, ३० सप्टेंबर

चार सामने, चार विजय. आता टीम तिला मिळाली नाही, तर मी या गावात एकतीस वर्षं झक मारली असं समजेन.

सरावाला ग्रेडी — आमचा रेडा, चेंडू पोटाशी धरून सरळ भिंतीत घुसतो — तिला म्हणाला, "कोच, वर्गात मला तुमचं एक अक्षर कळत नाही. इथे सगळं कळतं."

"कारण इथे तू जागा असतोस," ती म्हणाली.

पोरं खो-खो हसली. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उगाच शंकू सरळ करत बसलो. डोळे भरून आले होते. मैदानावर ती मलाही "कोच"च म्हणते, "अहोजाहो" करते. घरी आली की "डॅड, बूट बाहेर काढ."

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सहापैकी सहा! लोरेटा म्हणते, छाती जरा आत घे, दारातून मावत नाहीस.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

उद्या प्लम हिलशी सामना. तेही न हरलेले. जिंकलो की जिल्ह्याचं विजेतेपद आमचं.

आल्विनचा फोन. सोमवारी बोर्डाची बैठक, नव्या कोचचं ठरणार. "उद्या बघतो तुझ्या पोरीला," म्हणाला.

बघच म्हणावं! त्या तक्त्यावर हसलेल्या एकेकाला उद्या तोंडात बोटं घालायला लावतो.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

हरलो. वीस–बावीस.

दोन मिनिटं उरली होती, चार गुणांनी पुढे होतो. चौथा डाउन, दीड यार्ड हवा, आमच्याच रेषेपासून बावीस यार्डांवर. भिडलो. ग्रेडी अर्ध्या यार्डाने कमी पडला. तिथून त्यांनी तीन खेळ्यांत चेंडू आमच्या रेषेच्या आत नेला, सहा गुण त्यांचे.

आता लिहवत नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

साडेसहालाच को-ऑपला गेलो, किटली घ्यायला. किटली जागेवर नव्हती. ट्रिना ओतत होती.

सगळे आलेले. आल्विन म्हणाला, "पोरी, ते तुझ्या बापाचं काम आहे."

"चौथा डाउन माझा होता," ती म्हणाली, "म्हणजे किटलीपण माझी. बोला, काय बोलायचंय ते."

आणि बोलले की! इथे लाज कुणाला आहे?

"दीड यार्डापायी अख्खा मोसम घालवलास."

"हो."

"ग्रेडी रडत घरी गेला."

"हो. काल त्याच्या घरी जाऊन आले."

"तुझ्या बापाने जन्मभर लाथाडलं, ते काय वेडा म्हणून?"

"नाही. वेडा नाही तो."

पाठ ताठ. आवाज साधा, वर्गात हजेरी घेतात तसा. एक थेंब सांडला नाही. एकवीस कप! माझ्या कपातही ओतली, माझ्याकडे न बघता. ऊर अभिमानाने फाटेल असं वाटलं. असं मूल आपल्या पोटी आलं! आणि तो कप मात्र मी तसाच टेबलावर ठेवून दिला. मी एक शब्द बोललो नाही. बापाने तिथे बोलायला हवं होतं.

बाहेर तिच्या गाडीशी गाठलं. "कशाला केलंस हे?"

"डॅड, एकतीस वर्षं तूच ओतलीस. शेवटची तरी राहू दे." आणि गेली.

रविवार, २७ ऑक्टोबर

चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. लोरेटाने विचारलं, काय झालंय तुला? म्हटलं, काही नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

बैठक झाली. आल्विन तिथून थेट आमच्या ओट्यावर आला. आत ये म्हटलं तर नाही आला.

"परवा तिने ओतली ती बघून मान खाली गेली माझी," तो म्हणाला. "हिंमत आहे. पण व्हर्लिन, चार गुणांनी पुढे, दोन मिनिटं बाकी, पाठीशी एवढा उत्तरेचा वारा, आणि जिला लाथाडायचं सुचत नाही, कागद बघून पोरांना भिंतीवर धाडते, तिच्या हातात टीम कशी देऊ? तूच सांग."

मी सांगितलं नाही. बाहेरच्या कुणालातरी आणतायत. बुधवारी सह्या.

जेवण गेलं नाही. लोरेटाने ताट उचललं आणि काही विचारलं नाही. ते जास्त लागलं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

सकाळी को-ऑपला गेलो. सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. शुक्रवारी हेडसेटमध्ये ट्रिना दोनदा म्हणाली होती — "कोच, लाथाडा. वारा आपला आहे, ग्रेडी लंगडतोय. तक्ता सोडा, लाथाडा." मी ऐकलं नाही. तिचा तक्ता तुमच्या नाकावर टिच्चून खरा करून दाखवायचा होता, मला. भिडलो तो मी.

आल्विनने टोपी काढून टेबलावर ठेवली.

मग म्हणाला, "तू बस खाली. आणि ट्रिनाला फोन लाव. कोचशी बोलायचंय."