सायकलीआधीचा सक्तीचा आराम

ती. ताईच्या पायांशी धाकट्याचा परदेशातून दंडवत.

पोचलो. हातीपायी धड आहे. तुझे गुडघे कसे आहेत ते विचारत नाही, कारण तू ‘बरे आहेत’ म्हणणार आणि मी ते खरं मानणार नाही. उगाच दोघांची शाई वाया. हे पत्र कागदावर लिहून त्याचा फोनवरून फोटो पाठवतो आहे. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, सरळ फोन करायला काय झालं, असं तू म्हणशील. पण फोन करावा तर चिरंजीव शेजारच्याच पलंगावर असतात. (आम्हा बापलेकांना इथे एकच खोली आहे. घरात इतक्या खोल्या असून जे जमलं नाही ते इथे एका खोलीत जमेल, अशी सूनबाईंची कल्पना.)

उद्यापासून आमच्या टोळीने सायकलवरून डोंगर चढायचे आणि उतरायचे आहेत. ज्या वाहनापासून सुटका व्हावी म्हणून मी उभी हयात राबलो, त्याच वाहनावर बसण्यासाठी पोराने विमानाची तिकिटं काढली. आज मात्र आराम. आराम म्हणजे तुझ्यामाझ्यासारखा भिंतीला पाठ टेकून नव्हे. त्याला वेळापत्रक आहे. आधी पाण्यात तरंगायचं, मग एका दणकट बाईकडून पाठ रगडून घ्यायची, मग अंग ताणायचं. आमचा म्होरक्या शिट्टी मारतो की सगळे या आरामातून उठून त्या आरामाकडे पळतात. त्या बाईने माझ्या खांद्यावरची गाठ दाबून पाहिली आणि मान हलवली. जन्मभर आपल्या कारखान्यात लेथचं चाक फिरवून कमावलेली गाठ ती, दाबून कुठली जायला. आमच्यात एक रिटायर झालेले बँक मॅनेजर आहेत, ते म्हणाले, “काका, रिलॅक्स व्हा, चेहरा सैल सोडा.” (वयाने माझ्याहून मोठेच असतील.) मी म्हटलं, “साहेब, सैलच आहे. मूळचाच असा आहे.”

दुपारी पाण्याकाठी आरामखुर्चीत तोंडावर टॉवेल घेऊन पडलो. मशिनच्या आवाजाने माझे कान गेले अशी आमच्या घरात समजूत आहे, ते तुला ठाऊक आहेच. ती मी कधी खोडून काढली नाही. बहिऱ्याशेजारी माणसं फार मोकळी बोलतात. (सूनबाईंची माझ्याबद्दलची सगळी मतं मला अशीच कळली. त्यातली काही बरोबर आहेत.) अगं, लेथवर टूल बोथट झालं तर ते डोळ्यांआधी कानाला कळतं, त्या कानांना काय धाड भरलीय? तर चिरंजीव शेजारच्या खुर्चीत बसून फोनवर बोलत होते, चांगले खणखणीत. “दोन दिवस चालवतील सायकल, मग थकून गाडीत बसतील. पुढे डोंगरात फोन लागतच नाही. तेवढ्यात क्रेन आणा, मशिनं भंगारवाल्याला द्या आणि फरशीवाल्याला आत घ्या. आल्यावर चिडतील थोडे, मग होईल सवय. नाही हो, झोपलेत. आणि जागे असले तरी त्यांना काय ऐकू येतंय.”

ताई, पुढच्या बोलण्यावरून कळलं, आपल्या कारखान्यात महागड्या सायकलींचं दुकान होणार आहे. पुढे काचेची भिंत, कोपऱ्यात कॉफी. आणि ज्याच्या चौथऱ्याच्या विटा तू स्वतः डोक्यावरून वाहिल्यास ते आपलं पहिलं लेथ वजनावर जाणार. टॉवेलखाली मी चेहरा सैल सोडला. तेवढ्यात शिट्टी झाली आणि सगळ्यांना गोल बसवून श्वास घ्यायला लावलं. सगळ्यांत संथ श्वास माझा निघाला, म्हणून मला टाळ्या मिळाल्या.

मग सायकलींची मापं. माझी सायकल बॅटरीची निघाली. चढ आला की आपली आपण ढकलते म्हणे. “बाबा, तुम्हाला त्रास नको.” तो माझ्या पायांशी गुडघे टेकून बसला, सीट वर केली, खाली केली, पाय टेकतो का म्हणून तीनतीनदा विचारलं (ओरडून), आणि नट आवळला. पाना मी शिकवला तसाच धरला होता, टोकाला, आणि शेवटचा आटा हलक्या हाताने. मशिनवर ये म्हटलं की पळणाऱ्या पोराचा हात इतका चांगला का असावा, देव जाणे. उठताना त्याने माझ्या पाठीवर थोपटलं. धंद्यात मला पुष्कळांनी फसवलं, पण इतक्या मायेने कुणी नाही.

तिथेच का नाही विचारलंस, असं तू म्हणशील. विचारलं असतं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, मी विरघळलो असतो, आणि परत आल्यावर त्या कोपऱ्यात उभा राहून गिऱ्हाइकांना मीच कॉफी ओतत बसलो असतो.

बाकी इथली हवा छान आहे. सूनबाईंना आशीर्वाद. औषधं वेळेवर घेत जा.

तुझा धाकटा

ता. क. : आता खरं काम. कारखान्यामागच्या तुझ्या खोलीतली खाट उचलून आत मशिनांच्या मधोमध टाक आणि तिच्यावर पड. मिस्त्रीला सांग, तो उचलू लागेल. कुणी कारण विचारलं तर सांगू नकोस, नुसती विव्हळ. क्रेनवाला असो की भंगारवाला, म्हातारीला खाटेसकट उचलायची कुणाची छाती नाही. मी येईपर्यंत हलू नकोस. (जेवायला ऊठ.)

ता. क. दुसरा : आत्ता चिरंजीवांनी विचारलं, काय लिहिताय. मी त्याला पुन्हा विचारायला लावलं, मग सांगितलं, आत्याला पत्र. तो म्हणाला, “माझा नमस्कार लिहा. आणि उद्या सकाळी आत्याला न्यायला गाडी येतेय. थोडे दिवस माझ्या सासरी राहू दे, तेवढाच तिला हवापालट.” म्हणजे तू आडवी पडशील हे त्याला माझ्याआधी सुचलं होतं. पोरगा माझाच आहे, यात आता शंका नाही. खाट आजच हलव. नमस्कार मात्र त्याने मनापासून सांगितला आहे, तेवढा घे. गाडीत बसू नकोस.