शिळ्या वाऱ्याची सूचना

शुक्र., ३ ऑक्टो.
कुडाळहून ऑफिस करून आले आणि चहासुद्धा न घेता लॅपटॉप उघडला, ही चूक. योहानची मेल. समुद्रावरचा वारा-लाटा सांगणाऱ्या ‘वारापाणी’ ॲपची नवी आवृत्ती येतेय, घोषणा मराठीत करून हवी. योहान आमच्या प्रकल्पाचा कारभारी. पगार आम्हा कोणालाच नाही, त्यालाही नाही, पण कारभारी तो कारभारीच.
इंग्रजीतल्या प्रत्येक वाक्यासमोर एक रिकामी चौकट. ती भरायची, पुढच्या चौकटीवर जायचं. इतकी वर्षं हेच करतेय. बटण इकडचं तिकडे गेलं, भरती-ओहोटीचं पान आता लवकर उघडेल, वगैरे. बापूकाकांना वाचून दाखवायचं, ते म्हणणार “बरां झालां”, विषय संपला.
आज एका चौकटीशी अडले. ‘जुन्या फोनना यापुढे नवी माहिती मिळणार नाही. आपल्याला काहीही करण्याची गरज नाही.’
गरज नाही म्हणे!

शनि., ४ ऑक्टो.
कपाटातला जुना फोन काढला. बापूकाकांच्याकडे आहे तसलाच. नव्या आवृत्तीची चाचणी त्यावर लावून ठेवली. बघू काय होतं.

मंगळ., ७ ऑक्टो.
झालं ते असं. ॲप बंद पडत नाही. छान उघडतं. लाटा, वारा, सगळं दाखवतं. फक्त शनिवारचं. ‘वारा मंद, समुद्र शांत.’ आणि खिडकीबाहेर माडांच्या झावळ्या नुसत्या आपटतायत, वाळत घातलेली चादर शेजाऱ्यांच्या कुंपणावर.
बा.का. आले होते. (माझ्या नवऱ्याचे, प्रसादचे, सख्खे काका. अजून एकटे समुद्रात होडी घालतात, कोणाचं ऐकत नाहीत.) त्यांना माझा नवा आणि हा जुना, दोन्ही फोन दाखवले. जुना हातात घेऊन म्हणाले,
“ह्यो फोन सांगता वारो नाय, आणि माझी टोपी खंय उडान गेली तां माका गावना नाय.”
हसले मी. मग हसू गेलं. पहाटे अंधारात किनाऱ्यावर उभं राहून हा माणूस हेच बघणार आणि होडी ढकलणार. आमच्या वाडीत निम्म्यांकडे असलेच फोन. नवा घ्या म्हटलं तर “अंगठ्याक सवय झाली आसा.” त्यांचा फोन कट्टा गावातल्या दुरुस्तीच्या दुकानातून किती वेळा जिवंत होऊन आलाय, देव जाणे.

बुध., ८ ऑक्टो.
योहानला सगळं लिहिलं, फोटोंसकट. उत्तर लगेच आलं, सभ्य. जुन्या फोनचा भाग सांभाळणारे दोघेच होते, एक सोडून गेला, दुसरीला बाळ झालंय. तो वाईट माणूस नाही. अडचण कळते मला.
विचारलं, निदान त्या फोनांवर ‘हे जुनं आहे’ एवढं तरी दाखवा. म्हणाला, त्यासाठी त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचवावं लागेल आणि तेच तर आपण बंद करतोय. मग घोषणेत तरी लिहा! म्हणे घोषणा आटोपशीर हवी, लोक उगाच घाबरतील.
घाबरू देत ना. समुद्रावर जाणाऱ्यानं घाबरायलाच हवं.

गुरू., ९ ऑक्टो.
केलं. इंग्रजीत जे आहे ते सगळं इमानदारीत मराठीत आणलं, आणि त्या चौकटीत पुढे माझं लिहिलं:
‘जुन्या फोनवर ॲप उघडेल, पण त्यातला वारा शिळा असेल. त्याच्या भरवशावर होडी घालू नका. हा बदल आम्हाला मान्य नाही.’
प्रसिद्ध करा. दाबलं.
प्रसादने खांद्यावरून वाचलं. “काढून टाकतले तुका.”
“काढांदेत.”
लॅपटॉप मिटला.

रवि., १२ ऑक्टो.
तीन दिवस कोणाला पत्ता नाही. मराठी वाचतो कोण तिकडे!
आज शाहिनाचा मेसेज. ती केरळच्या किनाऱ्यावरची, मल्याळम घोषणा तिची. कधी भेटलो नाही, पण सात-आठ वर्षांची ओळख. “तुझी ती चौकट एवढी लांब कशी? माझी तर दोन ओळींत संपली.” सांगितलं तिला. मग म्हणाली, माझा भाऊ जातो समुद्रावर.
संध्याकाळपर्यंत मल्याळम चौकट माझ्याहून लांब. मग इंडोनेशियन. मग आणखी एक लिपी, मला वाचता येत नाही, पण लांबी दिसते ना!
भांडी घासताना गाणं म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, आज काय झालां गो हिका?

सोम., १३ ऑक्टो.
यो.ला कळलं. मशीनकडून उलटं भाषांतर करून घेतलं म्हणे, आणि विचारतोय, ‘शिळा वारा’ म्हणजे काय, तो धोकादायक असतो का.
हो बाबा. तेच सांगतेय.
पुढचं मात्र गंभीर. भाषांतरकाराचं काम मूळ मजकुरात भर घालणं नव्हे म्हणे. माझी चौकट रिकामी करून टाकली. चौकट रिकामी असली की मूळ इंग्रजीच दिसतं, म्हणून आता मराठी घोषणेच्या मधोमध इंग्रजी वाक्य, दातात अडकलेल्या काट्यासारखं. मी परत भरली. त्याने परत पुसली. मी परत भरायला गेले तर कुलूप. माझं नाव यादीत आहे, लिहायचा हक्क नाही. शाहिनाचाही गेला.
राग आला. खूप. इतकी वर्षं फुकट राबले, ते त्यांचं बटण इकडचं तिकडे गेलं हे सांगायला? आणि माणूस बुडेल हे सांगायची वेळ आली तर ती भर?
जेवले नाही.

बुध., १५ ऑक्टो.
बा.कां.ना किनाऱ्यावर गाठलं. जाळं साफ करत होते. सगळं सांगितलं, कुलपाचंसुद्धा.
“लिवक देनत नाय?”
“नाय.”
“मगे बोलूया.”
म्हटलं, बोलून कोण ऐकणार? तर म्हणाले, त्या ॲपात आवाज घालूक येता मां? खरंच की! प्रत्येक बंदराच्या पानावर कोणीही आवाजात सूचना टाकू शकतो. त्याला हक्कबिक्क लागत नाही. शिवाय मालवणीला त्यांच्या भाषांच्या यादीत जागाच नाही, त्यामुळे मालवणीवर कुलूपही नाही.

गुरू., १६ ऑक्टो.
वाडीत गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं, ते बा.कां.नीच. होडी पाण्यात ढकलायची असो, कोणाची दहावी असो. आज नारळ ठेवला फोनसमोर. दहा-बारा जण जमले, बायका वेगळ्या. मी रेकॉर्डिंग सुरू केलं.
“बा देवा म्हाराजा!”
“व्हय म्हाराजा!”
“परदेशात बसान जी मंडळी ह्यां ॲप बनयतत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!”
“व्हय म्हाराजा!”
“तेंच्या लेकराबाळांक कसली इडापिडा लागा देव नको!”
“व्हय म्हाराजा!”
“पण आमच्या जुन्या फोनात शिळो वारो घालूची जी बुद्धी तेंका झाली आसा, ती लांब कर रे म्हाराजा! आणि तोवर ज्येचो फोन जुनो, तेणी वारो आपल्या डोळ्यांनी बघल्याबिगर होडी घालू नये, अशी सगळ्यांक आठवण दी!”
“व्हय म्हाराजा!” ह्या वेळी लाटेचा आवाजसुद्धा ऐकू येईना.
फोडलेल्या नारळाचा तुकडा तोंडात टाकत तिथेच बसून चढवलं. मालवण बंदराचं पान. वर लिहिलं, ‘नव्या आवृत्तीची सूचना, मालवणीत.’

शुक्र., १७ ऑक्टो.
देवगडवाल्यांनी ऐकलं. वेंगुर्ल्यात कोणीतरी मोठ्या आवाजात मासळीच्या लिलावाच्या वेळी वाजवलं. शाहिनाला मालवणी ओ की ठो कळत नाही, पण म्हणाली तीनदा ऐकलं, आता तिच्या भावाची मंडळी त्यांच्या तऱ्हेने असंच काही करतायत.

शनि., १८ ऑक्टो.
यो.ची मेल. रागावलेला नाही. उलट खूश!
ध्वनिफीत आवडली म्हणे. लोकांचा उत्साह जाणवला. शेवटी सगळे मिळून जे म्हणतात त्याचा अर्थ मशीनने ‘होय’ असा दिला. तर मालवणच्या वापरकर्त्यांची बदलाला संमती आहे, अशी नोंद उद्याच्या बैठकीत केली तर चालेल का? त्याच बैठकीत आवृत्ती सोडायची की नाही ते ठरणार आहे.
दोनदा वाचलं. मग बा.कां.ना वाचून दाखवलं.
“काय लिवतलंस?”
लिहिलं. तीन ओळी, माझ्या इंग्रजीत, कोणाला न विचारता:
ते ‘होय’ देवाला आहे. तुमच्याकडे आम्ही मागणं मागितलंय. त्याला होय म्हणायचं की नाही, ते तुम्ही सांगायचं.
पाठवलं.