बॅटरी कोण खातंय

४ डिसेंबर

गाडी मेली. स्टार्टर दाबला — टक्. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. सकाळी दोन लिफ्ट तपासायच्या होत्या, त्यातली एक दवाखान्यातली, म्हणजे उशीर चालणारच नव्हता. टॅक्सी केली. घाईत हेल्मेट हातातच राहिलं. तसंच घेऊन दवाखान्यात शिरले तर तिथला लिफ्टमन म्हणाला, "मॅडम, आमची लिफ्ट एवढी वाईट नाही हो."

बॅटरी लिथियमची, गेल्या वर्षी मी हौसेने बसवून घेतलेली. जुन्या बॅटरीच्या मानाने पिसासारखी हलकी. पण तिला थंडी सोसत नाही. एवढंच असणार. उद्या होईल सुरू.

५ डिसेंबर

झाली. चावी फिरवून दिवा थोडा वेळ जळू दिला. आतून ऊब धरली की ही बॅटरी जागी होते. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं.

वर येऊन बाबांना सांगितलं, "थंडीच होती." म्हणाले, "असेल, असेल," आणि पेपरात तोंड खुपसलं.

८ डिसेंबर

आईचा फोन. तेच ते. "किती वर्षं सासऱ्यांजवळ राहणार आहेस? जावई जाऊन चार वर्षं झाली. तुझं तू बघ आता."

म्हटलं, आई, बाबांना कोण बघणार? आयुष्यभर लोकांचे कपडे बेतले त्यांनी, पण घरात स्वतःची छत्री सापडत नाही, औषधांचा डबा सापडत नाही. मी नसले तर हा माणूस मोजे शोधता शोधता संध्याकाळ करेल.

आईने फोन ठेवला. मी जिंकले.

९ डिसेंबर

बाबांचा चष्मा परत सैल झाला. परत स्वतःच दुकानात जाऊन घट्ट करून आणला त्यांनी. म्हटलं, "बाबा, आता नाकच बदलून घ्या." लाजले! चेष्टेने लाजणारा माणूस नाही तो.

१० डिसेंबर

पुन्हा मेली. मीटर लावला — शून्य.

शून्य म्हणजे मेलीच असं नाही. फार उपसा झाला की ही बॅटरी आपणहून दार लावून घेते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आटोपलं. फिटर म्हणाला, "नवीन टाका, मॅडम." त्याच्याकडे सर्दीपासून संधिवातापर्यंत एकच औषध, नवीन टाका. मात्र साधा चार्जर लावू नका म्हणाला, ते बरोबर बोलला. ऑफिसातल्या एकाकडून लिथियमचा चार्जर मागून आणला. त्यात निजलेली बॅटरी उठवायची सोय असते.

गॅलरीत मोकळ्या फरशीवर ठेवली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. बाबा सारखे दारात. "वाचेल का गं?" जणू आपलं कुणी ॲडमिट आहे.

वाचली. मला माहीतच होतं.

१२ डिसेंबर

आता थंडीची सबब पुरे. आज सुट्टी होती, मीटर घेऊन खाली बसले. गाडी चालू असताना बॅटरी नीट भरते. चावी बंद असताना कुठूनही गळती नाही. म्हणजे गाडी निर्दोष, बॅटरी निर्दोष. कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "तुमच्या वापरण्यात काहीतरी चुकत असेल." माझ्या! मी लोकांच्या चुका शोधून पोट भरते.

कुणीतरी चावी फिरवतंय. चावी फिरवली की या गाडीचा पुढचा दिवा आपोआप लागतो, आणि एवढीशी बॅटरी, तिला कितीसा दम?

१३ डिसेंबर

सापडलं.

संध्याकाळी बाबा "पाय मोकळे करून येतो" म्हणून खाली गेले, रोज जातात तसे. मी सहज दारामागे बघितलं. खुंटीवर गाडीची दुसरी चावी नव्हती.

जिन्याने उतरले. पार्किंगमध्ये अंधारत होतं आणि माझ्या गाडीचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला होता. बाबा सीटवर एका बाजूला पाय सोडून बसलेले, कानाला मफलर, मफलरच्या आत फोन. फोनची वायर माझ्या हँडलजवळच्या चार्जिंगच्या खाचेत. त्यांचा जुना फोन वायरीशिवाय दोन वाक्यं टिकत नाही, नवा घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत.

हसत होते. "चष्मा ना? आहे की सैल. उद्या येतो घट्ट करायला."

चष्म्याच्या दुकानातल्या बाई! मी खांबाआडून बघत होते, मलाही हसू आलं. हाक मारणार, तेवढ्यात आवाज खाली गेला.

"नाही, अजून नाही सांगितलं तिला. धीट आहे तशी, दाखवते तरी. पण मी निघालो तर पोर एकटी पडेल हो. संध्याकाळी घरी आली की बोलायला तिला माणूस लागतं."

तशीच वर आले. भाजी करपली.

१४ डिसेंबर

मला माणूस लागतं? मला?

या घरातला नळ गळला तर कोण बघतं. वीज गेली तर कोण. आणि हे म्हणे माझ्यासाठी थांबलेत! मी थांबलेय. उलट आहे सगळं.

दिवसभर हेच. संध्याकाळी काम लवकर संपलं तर मैत्रिणीकडे जायचं ठरवलं होतं, मुद्दाम. निघाले, आणि गाडी नेहमीच्या वळणावर आपली घराकडे वळली. बाबांनी दार उघडलं. आज कुठली लिफ्ट, विचारलं. मी सांगत बसले. बराच वेळ सांगत बसले.

१६ डिसेंबर

बॅटरी परत शून्य. काल त्यांचं बोलणं लांबलं असणार. मी चार्जर लावला आणि गॅलरीतच बसून राहिले, म्हणून बरं. थोड्या वेळात एक बाजू फुगली. बघता बघता आणखी. गोडसर, डोक्यात जाणारा वास.

चार्जर ओढून काढला. बाबांना म्हटलं, "आत जा, दार लावून घ्या." ऐकलं त्यांनी, निमूट. बॅटरी जरा वेळ तशीच राहू दिली, हात लावला नाही. तापत नाही असं बघून हातमोजे घातले, टोकांवर चिकटपट्टी मारली, लोखंडी बादलीत वाळू घालून तीत ठेवली. इमारतीचं काम चाललंय, वाळू खाली होतीच. बादली गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात नेली, आसपास जळण्यासारखं काही नाही अशा ठिकाणी. मग हातमोजे काढून जिना उतरले.

बाबा जिन्यात उभे. "आता उठायची नाही ना?"

"नाही. एवढ्या वेळा तळ गाठल्यावर कुणीच नाही उठणार."

१७ डिसेंबर

असली बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही, भंगारवाल्याला द्यायची नाही. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच नेऊन द्यायची. टॅक्सीवाल्याने बादलीत डोकावून बघितलं आणि काच वर केली. बरोबरच आहे त्याचं. मग चालत निघालो. बादलीची कडी एका बाजूने मी धरलेली, दुसऱ्या बाजूने बाबा. हट्टच धरला त्यांनी, मी येणार म्हणून.

बँकेच्या कोपऱ्यावर म्हणाले, "बॅटरी मी संपवली."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"परवाच्या शनिवारी खाली आले होते मी."

"काय काय ऐकलंस?"

"मी एकटी पडेन, ते."

बाबांनी बादली खाली ठेवली. म्हणून मलाही ठेवावी लागली. "मग खोटं आहे का?"

मी भांडायला लागले. "घरात प्लग नव्हता का? माझ्या गाडीवर बसून कशाला?"

"तू स्वयंपाकघरात, आणि मी बाहेर बाईंशी गुलूगुलू बोलत बसू? शोभतं का?"

"आणि शोभत नाही म्हणून माझी बॅटरी खाल्लीत."

हसले. मीही. मग म्हटलं, "बाबा, मी आईला सांगते, यांना छत्रीसुद्धा सापडत नाही, मी यांना सोडून कशी जाऊ."

"सापडते गं. सगळं सापडतं. तू शोधून दिलंस की तुझा चेहरा जरा उजळतो. म्हणून नाही सापडत."

आम्ही बादली उचलली.

केंद्रात एका बाईने जाड हातमोज्यांनी बॅटरी उचलली, पत्र्याच्या पिंपात ठेवली. "कशाने गेली?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "बोलण्याने." ती बाई आमच्याकडे बघतच राहिली.

२० डिसेंबर

नवी बसवली. लिथियमचीच. फिटर म्हणाला, "मी तेव्हाच सांगत होतो." बोलू दे.

बाबांना नवा फोन आणला. संध्याकाळी हॉलमध्येच बसून बोलले, पाठ माझ्याकडे करून. मी आत रेडिओ मोठा केला. मग हळूच बारीक केला. बाई बऱ्याच विनोदी असाव्यात.

२२ डिसेंबर

बाई आल्या होत्या. ठेंगण्या, स्पष्ट बोलणाऱ्या. बाबांना चहा करायला आत पिटाळलं आणि मला म्हणाल्या, "मी यांना मागायला आलेय. विचारायचं तर तुम्हालाच, घर तुम्ही चालवता. दुकानाच्या वरच राहते मी. दोन खोल्या आहेत, ऊन चांगलं येतं." हात मांडीवर घट्ट धरलेले. घाबरल्या होत्या. मला!

"कधी पाठवता?" बाईंनीच विचारलं.

आत कपबशा वाजायच्या थांबल्या.

"रविवारी," मी म्हटलं. "बॅग मी भरते."