चिखल्यांची ट्यूब

प्रिय तृप्ती,

आपला विनोद उद्या तुमसरले चालला, तिथून नाकाडोंगरीले तुझ्या सासरी येईल. त्याच्या हाती पिशवी पाठवून राहिली. आधी चिठ्ठी वाच बाई, मग पिशवी उघड. परवा तू फोनवर केशरी क्रीमची नवी डब्बी मागितली, नणंद डिंपललेही एक पाहिजे म्हणाली. तुझे गाल जळतात, तिकडच्या पाण्यानं असेल, असंही तू म्हणाली. तेव्हापासून मनात तेच आहे.

इकडे सगळे मजेत. सानगडीची धानाची रोवणी आटोपली, तुझ्या आईची कंबर अजून जागेवर आहे. माझं पार्लरही साकोलीत बरं चालून राहिलं. तुझे मावसाजी मले म्हणतात, आजकाल तू आरशासमोर गाणं म्हणतेस. म्हणते तर म्हणते, कायले लाजू?

आठवते, तुझ्या लग्नाच्या वर्षी आपण दोघी रोवणीत होतो? पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणली. खाज तर गेलीच, वरून बोटांमधली कातडी गोरी दिसू लागली. तू उन्हानं काळवंडलेली, सासरच्या बायांनी रंगाचा विषय काढलेला. तुझ्या आईनं माझ्यासमोर डोळे पुसले, ते माझ्यानं पाहवलं नाही. मग तुले पहिली डब्बी दिली. मांडवात तू अशी उजळली की बाया माझा पत्ता विचारत होत्या! तो फोटो मी पार्लरात लावला.

मीही तीच डब्बी लावत होती, दोन महिन्यांआधी माझंच तोंड उन्हात भाजू लागलं. गालावर लाल रेषा, हनुवटीवर केस. भंडाऱ्याले चामडीच्या डॉक्टरीणबाईकडे गेली. डब्बीत काय आहे ते ऐकून त्या तापल्याच. म्हणाल्या, यात स्टेरॉइड आहे, रोज लावलं की कातडी पातळ होते. बाजारातल्या बिनलेबलच्या डब्ब्यांत तर पाराही निघतो. सनस्क्रीन लाव, अन् हवंच तर आत काय आहे ते लिहिलेलं नायसिनामाइडचं क्रीम घे. त्यानं डाग फिके होतात, जन्माचा रंग बदलत नाही. आता मी सावळीची सावळी झाली, पण तोंड निवलं. बरं वाटते.

पाण्याले दोष नको देऊ, तृप्ती. ती डब्बी कोणत्या कंपनीची नव्हती. चिखल्यांची ट्यूब मीच कोल्ड क्रीममध्ये घोटत होती, वरून केशर. फोनवर तोंडातून निघालं नाही. बाकी गिऱ्हाइकांच्या घरोघरी जाऊन सांगून आली, तुलेच सांगायले जीभ उचलत नव्हती. माफ कर मले. पिशवीत डब्बी नाही, सनस्क्रीन आहे. मंगळवारी डॉक्टरीणबाईकडे तुझा नंबर लावला, मी सोबत येते. वेळ लागेल, पण गाल बरे होतील म्हणाल्या. डिंपलले उरलेल्या डब्बीले हातही लावू देऊ नको. अन् मांडवातला फोटो मी भिंतीवरून काढला. तिथं रोवणीतला लावला, कपाळाले चिखल लागलेला, तू दात काढून हसतेस तो. काल एक नवी बाई आली, असा चेहरा कोणत्या क्रीमनं होते म्हणून विचारत होती. मी म्हटलं, चिखलानं.

तुझीच,
रुपामावशी