पिवळा खडू

सर, शाळेच्या व्हरांड्यातला बातम्यांचा फळा काढून टाकला आहे, हे तुम्हाला सांगायचे राहून गेले होते. तुम्ही गेलात त्यालाही आता अकरा वर्षे झाली. परिपाठाआधी त्या फळ्यावर बातम्या लिहिण्याचे काम तुम्ही मला दिले होते, कारण मी फारशी बोलत नसे आणि माझे अक्षर चांगले होते. नियम तुमचा होता. कोणीतरी स्वतः पाहिलेले पांढऱ्या खडूने लिहायचे, ऐकीव ते पिवळ्याने. औंधच्या आसपास घरोघरी कोणी ना कोणी फौजेत. मुलांपेक्षा मोठी माणसेच तो फळा थांबून वाचत.

सातवीत असताना कोयनेच्या घाटात बस कोसळल्याचे मी पांढऱ्याने लिहिले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकूंचे यजमान त्याच मार्गावर वाहक होते. काकू चुलीपुढे बसून राहिल्या आणि खिचडी करपली. दुपारी यजमान धडधाकट परतले; बस नुसतीच बंद पडली होती. तुम्ही ओरडला नाहीत. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणालात, "यांना सांग, तू पाहिलं होतंस का." मी मान खाली घालून सांगितले. काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आसू द्या सर. करपल्याली खिचडी हिलाच वाढती, म्हंजी झालं." स्वयंपाकघरातून निघताना तुम्ही पिवळ्या खडूंची अख्खी पेटी माझ्या हातात ठेवलीत.

आता मी सांगलीत एका दैनिकात उपसंपादक आहे. युद्धाचा दुसरा आठवडा चालू आहे. कचेरीतला टीव्ही दिवसभर गर्जतो आहे, आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पुढारी पाठिंब्यासाठी एकाच व्यासपीठावर हात उंचावून उभे आहेत. हे युद्ध हवेच होते का, असे विचारणारे एका निवृत्त सुभेदारांचे पत्र मी जागेअभावी बाजूला ठेवते. जागा होती, सर. संध्याकाळी वाहिन्या सांगतात, शत्रूने शस्त्रे टाकली. मी मथळ्याखाली 'असे समजते' हे शब्द घालते. संपादक मागे येऊन उभे राहतात आणि शांतपणे म्हणतात, "आज असं लिहिलंस, तर उद्या लोक विचारतील, ही कुणाच्या बाजूची." मी ते शब्द खोडते.

सकाळी पेपर गावात पोचताच काकूंचा फोन आला. त्यांचा मुलगा, माझ्याच वर्गातला, याच युद्धात आघाडीवर आहे.

"बाय, लढाई सपली म्हणून तुज्या पेपरात आलंय. ह्ये पिवळ्या खडूचं न्हाई न्हवं?"

"नाही, काकू," मी म्हणाले.

त्यांनी यमाईची ओटी भरली, गल्लीत पेढे वाटले. लढाई संपली नव्हती. अजूनही संपलेली नाही. आम्ही खुलासा छापला नाही, दुसऱ्या दिवसापासून ती बातमी नुसती दिसेनाशी झाली. काकूंचे मुलाशी पंधरा दिवसांत बोलणे झालेले नाही, असे गावाकडून कळते. हे वाक्य तुम्ही पिवळ्यात वाचा.

हे पत्र तुम्हाला लिहिणे सोपे गेले, कारण तुम्ही आता मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेणार नाही. काल काकूंचा फोन दोनदा वाजला. मी तो वाजू दिला.