होडीतली दहावी जागा आणि नाण्याचे वळ

आदरणीय बुधे सुकिनेम,

तुमचा हात कपाळाला लावून भाची वार्तिनीचा सलाम. गुडघ्याची सूज उतरली का? काळ्या कोंबडीने शेजाऱ्यांकडे अंडी घालणं सोडलं का? आईची थोरली बहीण म्हणून हे तुम्हालाच लिहिते; आई रडेल आणि बाबा हसतील.

आमच्या तळ्यावर सध्या विज्ञान आलं आहे. ते सेमारांग शहरातून, डॉक्टर रेत्नो नावाच्या बाईंसोबत आलं. जोरकस व्यायामाने खेळाडू बायकांच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं, हे त्यांना पाहायचंय. (आजवर बहुतेक पुरुषांचंच पाहिलं, म्हणे. चौदा वर्षं मी वल्हं मारते आहे, पण माझ्या अंगातही रक्त असावं असा संशय कुणाला आला नव्हता.) कोपराखाली पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं, आणि दंडातली वाहिनी किती रुंदावते ते पडद्यावर बघायचं, एकदा दमण्याआधी, एकदा जीव जाईस्तोवर वल्हवल्यावर. त्यासाठी बाईंनी आमच्या पाळीच्या तारखा हळूच विचारल्या. आमचे प्रशिक्षक पाक दर्सोनो यांनी त्या नावांसकट फळ्यावर लिहिल्या. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, यंदा शर्यती बऱ्याच दिसतात.

आता मुद्द्याचं. चार वर्षांनी येणाऱ्या मोठ्या स्पर्धेसाठी होडी ठरते आहे. तिच्यात दहा जणी बसतात. नऊ ठरल्यात. दहावी एक तर मी, नाही तर एकोणीस वर्षांची लास्त्री. पाक दर्सोनोंनी जाहीर केलं, "यंत्र खोटं बोलत नाही. जिची नळी जास्त उघडेल, ती बसेल!" ही परीक्षा निवडीसाठी नाही, आणि दमल्यावर वाहिनी थोडा वेळ कमी उघडली म्हणून कुणी वाईट वल्हवते असं होत नाही, हे बाईंनी तीनदा सांगितलं. पाक दर्सोनोंनी तिन्ही वेळा मान डोलावली. (मान डोलावणं म्हणजे ऐकणं, असं बाईंना वाटलं.)

परीक्षेच्या सकाळी तळ्यावरचा वारा माझ्या अंगात शिरला. खांदे आखडले, ढेकर थांबेनात. मी नियमाप्रमाणे उपाशी होते, कॉफीही घेतली नव्हती. तेवढ्यात लास्त्री बाम आणि नाणं घेऊन आली. "ताई, वारा शिरलाय तुम्हाला. बसा बघू." वारा काढायला बाम चोळून नाण्याच्या कडेने लाल वळ उठेस्तोवर खरवडतात, पण इतक्या मायेने आईनेही कधी खरवडलं नसेल. पाठ झाली, खांदे झाले, दोन्ही हात थेट कोपरापर्यंत झाले. बाईंनी बाही वर केली आणि त्या खुर्चीतच मागे सरकल्या. लाल वळांनी दंड भरला होता, आणि पडद्यावरचा आकडा जवळजवळ शून्य. खरवडल्याने मोजमाप बिघडलं, शुक्रवारी पुन्हा घेऊ, असं त्या म्हणाल्या. पाक दर्सोनोंनी फक्त आकडा पाहिला. "एकतिशीत नळ्या गंजायच्याच. होडीत भंगार कशाला?" मी म्हटलं, आधी तुमच्या मोजा! त्यांनी फुशारकीने सदरा काढला, तर पाठभर तसेच वळ, बायकोच्या हातचे. "ते वेगळं," ते म्हणाले, "मला खरंच वारा शिरला होता."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, बुधे. पुढच्या स्पर्धेपर्यंत मी पस्तिशीची होईन, आणि तळ्यावर मला चहा वाटायला ठेवतील. एकदाच त्या होडीत बसून शेवटची रेघ ओलांडायची आहे. असो. कुणाबद्दल मनात काही नाही. लास्त्री तर लेकरू आहे, तिला काय कळतं? विज्ञानावर माझा पूर्ण विश्वास आहे.

तुमची लाडकी,
वार्तिनी

ता. क. काल बाई सहज बोलून गेल्या, की परीक्षेच्या आदल्या दिवशी लास्त्रीने त्यांना विचारलं होतं, "नाण्याने खरवडलं तर चालतं का हो?" आणि त्यांनी "मुळीच नाही" म्हणून सांगितलं होतं.

ता. क. २. लास्त्रीची परीक्षाही शुक्रवारीच आहे, माझ्यानंतर. तुम्ही खूप दिवसांत तळ्यावर आला नाहीत. शुक्रवारी पहाटेच्या गाडीने या. तिच्या कपाळाला हात लावा आणि एवढंच म्हणा, "पोरी, तुला वारा शिरलाय. बस." तुमच्या वयाच्या माणसाला नाही म्हणायची तिची छाती नाही. नाणं जुनं, जाड आणा. कोपरापर्यंत.