राहिलेली गृहभेट

३ नोव्हेंबर, सोमवार
आज आरोग्य उपकेंद्रात रुजू झाले. पाटोद्यापासून बारा किलोमीटर आत आहे, पण गाव छान आहे. राहायला मागची खोली, नळाला पाणी, अंगणात शेवग्याचं झाड. अब्बांनी आष्टीहून गॅरेजच्या टेम्पोत सामान आणून टाकलं, आणि उज्मा बेटा, जेवत जा वेळेवर, एवढंच सांगून गेले. आधीच्या सिस्टरांची बदली झाल्यापासून दहा महिने जागा रिकामी होती. बावीस रजिस्टरं अर्धवट पडली आहेत. पण मला टेन्शन नाही, माझी वही आहे ना! डाव्या पानावर दिवसाची कामं, प्रत्येक कामापुढे ठिपका. झालं की बरोबरची खूण, राहिलं की बाण काढून उद्याच्या पानावर. उजव्या पानावर ही रोजनिशी. नर्सिंगला होते तेव्हापासून हीच पद्धत. वहीत उतरलं की डोकं मोकळं.

५ नोव्हेंबर, बुधवार
चौदा कामं लिहिली, पाच झाली. नोंदींचं ऑनलाइन पोर्टल दोनदा अडकलं, भरलेलं सगळं गेलं. आमच्या आशा कार्यकर्त्या मंजुळाबाई म्हणाल्या, भेटी कुणाच्या घेता सिस्टर, गावच जाग्यावर न्हाई. खरं आहे. दिवाळी झाली आणि निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला गेली. भर दुपारी बाहेर उभं राहिलं तर कुत्रंसुद्धा दिसत नाही.
आणि यादीत पंधरावं काम कुठून आलं? ‘भिवराबाई — गृहभेट.’ अक्षर माझंच. गरोदर मातांच्या यादीत हे नाव नाही. घाईत लिहिलं असणार. खोडलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
खोडलेलं काल परत आलं होतं. आज पुन्हा. पुढे बाण, म्हणजे कालचं राहिलेलं. वैताग आला. पान फाडून टाकलं आणि चौदाच्या चौदा कामं नव्याने लिहिली, त्यात अर्धा तास गेला. पेन खाली ठेवून मोजली तर पंधरा.
पाटोद्याच्या डॉक्टरांचा फोन आला. सोमवारी आढावा, एकही भेट बाकी दिसता कामा नये म्हणाले. बाकी दिसू नये म्हणाले, राहू नये म्हणाले नाहीत. इथे एकटी मी, बावीस रजिस्टरं, आणि वरून ही वहीची कटकट.

८ नोव्हेंबर, शनिवार
शेवटी मंजुळाबाईंना विचारलं. त्या हातातलं काम सोडून खालीच बसल्या.
“ते नाव आज कशापायी काढलं, सिस्टर?”
मग सांगितलं. भिवराबाई वरच्या आळीची. मागच्या दिवाळीत सातवा महिना. पाय सुजलेले, डोकं लई दुखायचं. आधीच्या सिस्टर रोज म्हणायच्या, उद्या येते. शेवटी न जाताच रजिस्टरात भेट भरली, बीपी चांगला दाखवला. ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी आली, तीत बसून ती गेली. तिकडं उसाच्या फडात भर दुपारी झटके आले. आई गेली, पोटातलंही गेलं.
आणि त्या सिस्टरांची बदली झालीच नव्हती म्हणे. महिनाभरात इथंच पेशंटच्या बाकाजवळ बीपी वाढून पडल्या. अजून बोलता येत नाही.
“एकदा तिच्या दारापस्तोर जाऊन या. आधीच्या सिस्टर गेल्याच न्हाईत,” असं म्हणून मंजुळाबाई उठल्या.
सोमवारी आढावा. पंचेचाळीस नोंदी बाकी. मेलेल्या बाईच्या घरी जायला वेळ कुठून काढू? ठिपक्यावर बरोबरची खूण केली. पुढे लिहिलं, भेट झाली, बीपी ११०/७०. ती ओळ बंद करायची होती, एवढंच.

१० नोव्हेंबर, सोमवार
काल यादी चौदाची. आजही चौदा! आढाव्यात सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली. खूश होऊन आले.
कुलूप उघडलं तर बाकावर पाचट पडलेलं, उसाचा वाळका पाला. कुणी बसून गेल्यासारखं. शनिवारच्या खुणेखाली एक ओळ वाढली आहे. माझंच अक्षर.
‘आले होते. तुम्ही नव्हता. उद्या येते.’

११ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळपासून डोकं फुटतंय. पाय चपलेत मावत नाहीत. मंजुळाबाई लसी आणायला पाटोद्याला. फोनवर म्हणाल्या, बसा तिथंच, मी आलेच. पण बसवत नाही. भिवराबाईच्या घरी जाऊन येते.

जाऊन आले. वरच्या आळीत सगळ्या घरांना कुलपं. तिच्याच दाराला नाही. उंबऱ्यावरून हाक मारली, भिवराबाई, भेटीला आले. आत कुणी नव्हतं. उंबऱ्यापासून पाचट सांडत गेलेलं. उपकेंद्राकडे.

बारा वाजून दहा.
बाकावर बसली आहे. दार मी आतून लावलंय. पदर तोंडावर. पोट —

माफी मागितली. खोटं लिहिलं म्हणाले. तिच्यासमोर ती ओळ खोडली, कागद फाटेपर्यंत. ती बीपीचं यंत्र घेऊन उठली.

पट्टा माझ्या डाव्या दंडाला. तिचे हात गरम आहेत, खरखरीत. वहीकडे बोट केलं — लिही म्हणून —

हवा भरतेय. १४०.

थांबत नाही — १६० — डोळ्यांपुढे पांढरं —

बाहेर मंजुळाबाई. दार वाजवतायत. सिस्टर, सिस्टर — ओ द्यायला गेले तर जीभ — १९० —

ती वाकून आकडा वाचतेय — २१